रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, मग दोनचा गजर लावायचा का?

तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी ते सोडवून मांडते. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं, वजन चांगलं वाढतंय. महिन्याभरात तुम्हाला अलकापुरीच्या बँकेत रुजू व्हायचंय. संध्याकाळी सहा-सातनंतर छाती रिकामी वाटते, बाळ किरकिर करतं, आणि सासूबाई म्हणतात, संध्याकाळी दूध आटतं, रात्री एक बाटली वरचं दूध द्या म्हणजे दोघंही झोपाल. इकडे तुम्ही वाचलंत की दुधाचं हार्मोन, प्रोलॅक्टिन, मध्यरात्रीनंतर सगळ्यात जास्त असतं, म्हणून बाळ गाढ झोपलेलं असतानाही दोनचा गजर लावून पंप करताय. त्यातच प्रोलॅक्टिनची तपासणी करून घेतलीत: तुमचं ६४ आलं, मैत्रिणीचं १८०. आणि रात्री काढलेलं दूध दिवसा दिलं तर बाळाचं झोपेचं चक्र बिघडेल का, ही शेवटची काळजी.

मी बडोद्यात बाळंतिणींना पाजण्याबद्दल मार्गदर्शन करते, आणि हे प्रश्न दांडिया बाजारातल्या जुन्या घरांमधून येतात तसेच मांजलपूरच्या नव्या फ्लॅटमधूनही येतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच शंका असते: दूध घड्याळाप्रमाणे बनतं की बाळाच्या पिण्याप्रमाणे? माझं उत्तर असं की पहिल्या काही आठवड्यांत दोन्हींचा हात असतो, पण साडेतीन महिन्यांच्या बाळाच्या आईचं दूध मुख्यतः छाती किती वेळा आणि किती रिकामी होते यावर ठरतं. घड्याळ मदतीला असतं, मालक नसतं. ते कसं, हे जरा सविस्तर सांगते, कारण कारण कळलं की अर्धी भीती आपोआप जाते.

प्रोलॅक्टिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागातून येतं. एरवी मेंदूतलं डोपामिन हे रसायन त्याला दाबून धरतं. बाळ ओढायला लागलं की तो दाब सैल होतो आणि प्रोलॅक्टिन रक्तात चढतं. पाजायला सुरुवात केल्यापासून साधारण अर्ध्या-पाऊण तासानं ते शिखरावर असतं आणि मग हळूहळू उतरतं. म्हणजे आत्ताचं पिणं पुढच्या दुधाची तयारी करून जातं. याखेरीज प्रोलॅक्टिनची स्वतःची एक दैनिक लय आहे. झोप लागल्यावर ते वाढू लागतं, उत्तररात्री सर्वांत वर असतं आणि सकाळी उठल्यावर खाली येतं. न पाजणाऱ्या बायकांमध्ये आणि पुरुषांमध्येसुद्धा ही लय दिसते. पाजणाऱ्या आईत ती वरच्या पातळीवर चालू राहते, इतकंच.

यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही रात्रीची वाढ घड्याळातल्या दोनच्या काट्यापेक्षा झोपेला जास्त बांधलेली आहे. दुपारी डुलकी लागली तरी प्रोलॅक्टिन वाढतं. मेंदूतल्या घड्याळाचा स्वतंत्र वाटा आहे, पण झोपेचा मोठा. माझ्याकडे रात्रपाळी करणाऱ्या नर्स येतात. दिवसा झोपून रात्री जागणाऱ्या या आयांचं दूध आटत नाही, जर त्या पाळीत वेळेवर पंप करू शकल्या आणि दिवसा त्यांना सलग झोप मिळाली तर. अडचण येते ती सहा-सहा तास वॉर्ड सोडता आला नाही की. म्हणून तुमच्या गजराबद्दल मला वाईट वाटतं: ज्या झोपेत हे हार्मोन चढतं, तीच झोप तुम्ही त्याच हार्मोनसाठी मोडताय.

दुसरं हार्मोन ऑक्सिटोसिन. हे पियूषिकेच्या मागच्या भागातून, ठोके पडावेत तसं थोडं थोडं सुटतं आणि दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायूंना आकुंचन देऊन पान्हा फोडतं. त्याचा संबंध दिवस-रात्रीपेक्षा बाळाच्या ओढण्याशी, त्याच्या रडण्याशी, वासाशी आणि आईच्या मनःस्थितीशी आहे. पाहुण्यांनी भरलेली खोली, दुखणं, संकोच, भीती यांनी हे ठोके मंदावतात. दूध छातीत असतं, पण उतरत नाही. संध्याकाळी घरात स्वयंपाकाची घाई, टीव्ही, कामावरून परतलेली माणसं, आणि कुणीतरी विचारतंय, "पोट भरतंय ना त्याचं?" अशा वेळी पान्हा उशिरा फुटला तर दूध संपलं असं वाटणं अगदी साहजिक आहे.

आता तुमच्या संध्याकाळच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी जखम तिथे आहे. रात्री बाळ एकदा लांब झोपतं, त्यामुळे सकाळी छाती भरून आलेली असते. दिवसभर बाळ पीत राहतं, म्हणून संध्याकाळी ती मऊ लागते. मऊ छातीत दूध कमी असतं, हे खरं; पण ते जास्त स्निग्ध असतं. दुधातली चरबी छाती जितकी रिकामी होत जाते तितकी वाढते. त्यामुळे सकाळचं भरपूर दूध तुलनेनं पातळ आणि संध्याकाळचं थोडं दूध दाट, हा नेहमीचा प्रकार आहे. बाळ संध्याकाळी थोडं थोडं, दर पाऊण तासानं मागतं, कारण त्याला तसंच मिळतं, आणि रात्रीच्या लांब झोपेपूर्वी ते स्वतःचं पोट असंच भरून घेतं. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत संध्याकाळचं रडणं सगळ्याच बाळांमध्ये वाढलेलं असतं, वरचं दूध पिणाऱ्यांमध्येही.

तीन महिन्यांच्या आसपास आणखी एक बदल होतो. सुरुवातीला दूध हार्मोनच्या जोरावर वाहत असतं. बाळंतपणात वार (प्लॅसेंटा) पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन एकदम उतरतं आणि दोन-तीन दिवसांत छाती दगडासारखी होते, ती तुम्हाला आठवत असेल. नंतर हळूहळू हिशोब छातीपाशीच होऊ लागतो. दूध साठून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो, काढलं की वाढतो. दोन्ही बाजूंचा हिशोब वेगळा, म्हणून एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी असं चालू शकतं. या टप्प्यावर छाती गळत नाही, ताठत नाही, आणि आयांना वाटतं दूध गेलं. गेलेलं नसतं. बाळाला लागतं तेवढंच बनायला लागलेलं असतं. महिन्याच्या बाळापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाचं दूध साधारण ७५० ते ८०० मिलिलिटरच्या आसपासच राहतं. बाळ वाढलं म्हणून ते दुप्पट व्हावं लागत नाही.

संध्याकाळी काय करायचं, तर जागा बदला. खोलीत दिवा मंद करून, पाठीला तक्क्या घेऊन बसा. बाळाचं तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी छातीत रुतू द्या. मग फक्त त्याच्या हनुवटीकडे बघा: भराभर चोखणं थांबून ती खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि घशातून हलकासा "क्" आवाज येतो, तो घोट. घोट थांबले आणि नुसतं चाळवणं सुरू झालं की पंजानं छाती मागून हलकी दाबून धरा. बहुतेक वेळा पुन्हा चार-सहा घोट जातात. ते संपले की दुसरी बाजू, मग परत पहिली. रिकामी वाटणारी छातीही पाजत राहावी, कारण दूध बनणं पूर्ण थांबत नाही. सासूबाईंना शेजारी बसवून ते घोट ऐकवा. माझ्या अनुभवात हा वाद शब्दांनी मिटत नाही, त्या आवाजानं मिटतो. आणि सासूबाईंचं निरीक्षण खोटं नाही, संध्याकाळी दूध कमी असतंच. फक्त त्यावरचा उपाय बाटली नाही.

आता तुमचा ६४ चा आकडा. तो मनातून काढून टाका. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा २५ च्या आसपास छापलेली असते, ती न पाजणाऱ्या बाईसाठी. त्या हिशोबानं तुम्ही दोघीही "जास्त" आहात. बाळंतपणाच्या वेळी हा आकडा २०० च्या घरात असतो आणि पुढच्या महिन्यांत पाजणं उत्तम चालू असूनही तो उतरत जातो. तुमचं रक्त सकाळी अकरा वाजता, पाजून तीन तास झाल्यावर घेतलं असेल आणि मैत्रिणीचं बाळंतपणाच्या दुसऱ्या आठवड्यात, पाजून चाळीस मिनिटांनी घेतलं असेल, तर ही तुलनाच होऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दूध एकदा नीट सुरू झालं की प्रोलॅक्टिनचा आकडा आणि दुधाचं प्रमाण यांचा सरळ संबंध राहत नाही. प्रोलॅक्टिन लागतंच, ते बंद पाडलं तर दूध बंद होतं, पण ८० वालीपेक्षा १६० वालीला दुप्पट दूध, असं नसतं.

ही तपासणी कधी उपयोगी पडते? बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला आणि त्यानंतर छाती भरलीच नाही, तेव्हा. अशा रक्तस्रावात क्वचित पियूषिकेलाच इजा होते आणि प्रोलॅक्टिन बनतच नाही. किंवा पहिल्या आठवड्यात दूध आलंच नाही आणि वारेचा तुकडा राहिल्याची शंकाही दूर झाली, तेव्हा. थायरॉईड, पीसीओएस, छातीची जुनी शस्त्रक्रिया असेल तर माझं सगळं उत्तरच बदलतं आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघणं गरजेचं ठरतं. तुमच्या बाबतीत बाळाचं वजन वाढतंय आणि दिवसाला सहाच्या वर लंगोट चांगले जड ओले होतायत, हाच तुमचा रिपोर्ट. प्रोलॅक्टिन वाढवणारी डोमपेरिडोनसारखी गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. तिचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो आणि तुम्हाला तिची गरज दिसत नाही. घरचे आळिवाचे लाडू, शेजारच्या गुजराती घरातून आलेलं काटलं, सुवा-मेथी आनंदानं खा. बाळंतिणीला ताकद लागते आणि कुणीतरी मायेनं करून घालतं, ते मोलाचं आहे. पण छाती रिकामी न करता नुसत्या लाडवानं दूध वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग रात्रीचं पाजणं सोडलं तर चालेल का? इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. पहिल्या सहा आठवड्यांत मी कुणालाही रात्र सोडू देत नाही. त्या काळात दुधाचा पाया बसत असतो, बाळाचं पोट लहान असतं, आणि रात्रीच्या वाढलेल्या प्रोलॅक्टिनवर बाळाच्या ओढण्याची भर पडणं खरंच मोलाचं असतं. साडेतीन महिन्यांना, वजन चांगलं असताना, बाळ स्वतःहून पाच-सहा तास झोपलं तर त्याला उठवू नका आणि तुम्हीही उठू नका. पण बाळ भुकेनं उठलंय आणि त्याला बाटली देऊन तुम्ही झोपून राहिलात, असं रोज झालं, तर छातीला आठ-नऊ तासांचा खंड पडतो. काहींचं दूध याला टिकतं, काहींचं आठ-दहा दिवसांत उतरायला लागतं.

हा फरक साठवणुकीचा आहे. एकीची छाती घागरीएवढं साठवते, दुसरीची तांब्याएवढं. दिवसाचं एकूण दूध दोघींचं सारखंच असू शकतं, पण तांब्या लवकर भरतो आणि भरला की आतलं काम थांबतं, म्हणून तो वरचेवर रिकामा करावा लागतो. छातीच्या आकारावरून हे कळत नाही. बाळ दिवसातून दहा-बारा वेळा थोडं थोडं पीत असेल, आणि तीन-चार तासांतच छाती तटतटत असेल, तर तुमची साठवण लहान असण्याची शक्यता जास्त, आणि रात्रीचं एखादं पाजणं तुम्हाला आवश्यक. सहा-सात वेळांतच बाळ तृप्त असेल तर तुम्हाला मोकळीक जास्त.

नवरात्रात मला याचा दरवर्षी प्रत्यय येतो. बाळ आजीकडे ठेवून आई गरब्याला जाते, आणि का जाऊ नये, बडोद्यातली मुलगी गरब्याशिवाय नवरात्र कशी काढेल? पण नऊ ते एक न पाजता, न काढता राहिलेली छाती तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठ धरते, एका बाजूला लाल चट्टा उमटतो, ताप भरतो. त्याच ग्राउंडवर मध्यंतरात गाडीत बसून दहा मिनिटं हातानं दूध काढणाऱ्या आईला काही होत नाही. हातानं काढायला नक्की शिकून घ्या. पंपाची बॅटरी नको तेव्हा संपते.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण रात्रीशी बांधलेली आहे. अंगावर पाजत असताना पाळी येत नाही म्हणून दिवस राहत नाहीत, यावर पुष्कळ घरं विसंबून असतात. १९८८ साली इटलीत बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी याच्या अटी नक्की केल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंगावर. हे तिन्ही असेल तर संरक्षण सुमारे ९८ टक्के. व्यवहारात याचा अर्थ दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा मोठा खंड नको. तुम्ही कामावर जाणार, खंड वाढणार. तेव्हा रुजू होण्यापूर्वीच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आणि पाजतेय हे सांगा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं.

राहिला रात्रीचं दूध दिवसा देण्याचा प्रश्न. दुधात आईचं घड्याळ उतरतं, हे खरं आहे. झोप आणणारं मेलाटोनिन आईच्या रक्तात अंधार पडल्यावर वाढतं, तसं दुधातही वाढतं. उत्तररात्रीच्या दुधात ते चांगलं असतं आणि दुपारच्या दुधात जवळजवळ नसतंच. उलट जागं ठेवणारं कॉर्टिसॉल सकाळच्या दुधात सर्वांत जास्त आणि रात्री कमी. नवजात बाळाला स्वतःच्या मेलाटोनिनची लय नसते. ती साधारण दोन-तीन महिन्यांची झाल्यावर बसू लागते. तोवर दुधातून येणारा हा रात्र-दिवसाचा निरोप बाळाला उपयोगी पडत असावा, हा विचार मला पटतो. पण रात्रीचं दूध सकाळी दिल्यानं बाळाचं नुकसान होतं, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. म्हणून मी आयांना सांगते: पिशवीवर तारखेबरोबर वेळ लिहा, जमेल तसं सकाळचं सकाळी, रात्रीचं रात्री द्या, नाही जमलं तर बिनधास्त द्या. एक थेंबही ओतून टाकू नका. बाळाच्या झोपेवर दुधापेक्षा उजेडाचा परिणाम मोठा आहे. रात्री पाजताना ट्यूबलाइट लावू नका, मोबाईल बाजूला ठेवा. प्रखर उजेडानं तुमचंच मेलाटोनिन दबतं. सकाळी मात्र बाळाला गॅलरीत कोवळ्या उजेडात घेऊन बसा. रात्री आडवं पडून पाजत असाल तर गादी सपाट हवी, जाड रजई-उशी बाळाजवळ नको, आणि सोफ्यावर पाजता पाजता झोपणं कटाक्षानं टाळा.

दोनचा गजर आजच बंद करा. त्याऐवजी सकाळी बाळ उठल्यावर एका बाजूला पाजा आणि दुसरी बाजू पंप करा. रात्रीच्या लांब खंडामुळे तेव्हा छाती सर्वांत भरलेली असते. महिन्याभरात फ्रीझरमध्ये पुरेसा साठा होईल. बँकेत जाण्याच्या दिवशी निघताना पाजून जा, मग साडेबारा आणि साडेतीनच्या सुमारास काढा. कायद्यानं बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते. व्यवस्थापकांशी आधीच बोलून आतून कडी लागणारी जागा ठरवून घ्या. काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं, हा नियम साधारण २५ अंशांच्या खोलीचा आहे. बडोद्याच्या मे महिन्यात तो विसरा: दूध काढल्याबरोबर बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत ठेवा आणि घरी आल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका.

रुजू झाल्यावर बाळ रात्री जास्त उठायला लागण्याची शक्यता आहे. दिवसा तुम्ही नसता, म्हणून ते थोडंच पितं आणि भरपाई तुमच्याजवळ असताना करतं. तेव्हा घरातून पुन्हा बाटलीचा आग्रह होईल. नेमक्या त्याच आठवड्यांत रात्रीचं पाजणं तुमचं दिवसभराचं दूध टिकवत असतं, म्हणून निदान पहिला महिनाभर रात्री बाटली सुरू करू नका; बाळाला तुमच्याजवळ आणून देणं आणि नंतर ढेकर काढून परत झोपवणं, हे काम बाळाच्या बाबांकडे द्या. आणि शक्य असेल तर सोमवारी रुजू होऊ नका. गुरुवारी व्हा, म्हणजे दोन-तीन दिवसांतच सुट्टी येईल आणि काय जमलं, काय नाही, ते घरी बसून बघता येईल.